आवाजाचे बिऱ्हाड

दसऱ्याच्या आधी घराची झाडझूड निघाली की माळ्यावरून एखादा चपलेचा नाहीतर बिस्किटांचा खोका खाली येतो आणि त्यात दहा-वीस कॅसेटी निघतात. अर्ध्यांच्या डब्या हरवलेल्या, काहींवरचे कागद वाळवीने खाल्लेले, एखादीवर निळ्या शाईत ‘भजन’ किंवा ‘ताईचे लग्न’ एवढेच लिहिलेले. ऐकायला यंत्र नसते आणि टाकून द्यायला मन होत नाही. खोका पुन्हा माळ्यावर जातो. पुढच्या दसऱ्याला तेच. वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, कुठेही जा, हा खोका भेटतोच. आपल्या वाशीम जिल्ह्याचा जन्म १ जुलै १९९८ चा. त्याआधी आपण अकोला जिल्ह्यात होतो. हे खोके मात्र जिल्ह्यापेक्षा जुने आहेत.

त्यातली सिनेमाची गाणी गेली तरी हळहळण्याचे कारण नाही. ती दुसरीकडे मिळतात. प्रश्न आहे तो घरी भरलेल्या कॅसेटींचा. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी कॅसेट बाजारात आणली आणि पुढे ‘टू-इन-वन’च्या रूपाने ती आपल्या खेड्यापाड्यांत पोचली. रेडिओ ऐकायचा आणि लाल बटण दाबून आवाजही भरायचा, अशी दुहेरी सोय. त्यापूर्वी ध्वनिमुद्रण ही मोठ्या गायकांची आणि आकाशवाणीची गोष्ट होती. कॅसेटने ती शेतकऱ्याच्या ओसरीवर आणून ठेवली. हरिपाठ, बारशाचे पाळणे, पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या तांड्यावरची गाणी, लेकराचे बोबडे बोल, आजोबांनी सांगितलेली दुष्काळाची हकिकत, असे कितीतरी तिच्यावर उतरले. माणसे गेली, आवाज राहिले. आता ते आवाजही जाण्याच्या वाटेवर आहेत.

कॅसेटमधली फीत चार मिलिमीटरही रुंद नसते. तिच्यावर लोखंडाच्या संयुगाचे बारीक कण चिकटवलेले असतात आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकते. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये अशी सुमारे ८६ मीटर फीत गुंडाळलेली असते. आपल्याकडचा मे महिना आणि त्यावर टिनाच्या छपराखालचा माळा म्हणजे या फितीचा वैरीच. उन्हाळ्यात ती आकसते-ताणते, पावसाळ्यात तिला बुरशी धरते. एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर हलकासा उमटतो, म्हणून जुन्या कॅसेटमध्ये शब्दाच्या आधीच त्याची पुसट चाहूल ऐकू येते. फितीला यंत्राशी टेकवून धरणारा कापडाचा चिमुकला तुकडा गळून पडतो आणि मग आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो. यातले पुष्कळसे दुरुस्त होते, पण दर उन्हाळ्यागणिक थोडे कमी होते.

म्हणून या आवाजांना दुसरीकडे हलवावे लागते. कॅसेटवरून सीडी, सीडीवरून डीव्हीडी, तिथून मोबाइल. भाड्याच्या घरात राहणाऱ्या नोकरदाराने दर चार-सहा वर्षांनी बिऱ्हाड हलवावे तसे हे आहे. ज्यांनी बिऱ्हाडे हलवली आहेत त्यांना ठाऊक असते की प्रत्येक खेपेला काहीतरी मागे राहते, काहीतरी फुटते. आणि काय न्यायचे, काय सोडायचे, हे पुष्कळदा सामान उचलणाराच परस्पर ठरवून टाकतो. आवाजाच्या बाबतीत हेच घडते. फक्त इथे फुटलेली वस्तू लगेच दिसत नाही.

आमच्याच घरचे उदाहरण सांगते. माझा धाकटा मामा नोकरीसाठी मस्कतला होता. १९८४ च्या दिवाळीत सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी एक साठ मिनिटांची कॅसेट भरली. आजोबांनी पावसाची आणि कापसाच्या भावाची खबर दिली, आईने त्याला जेवणाच्या वेळा पाळण्याबद्दल दटावले आणि शेवटी आजीने जात्यावर बसून ओव्या म्हटल्या. तोवर गावात पिठाची गिरणी आली होती, पण डाळ भरडायला जाते होतेच. मामा परत आला तेव्हा ती कॅसेट घेऊनच आला. २००८ साली आईची पंचाहत्तरी करायचे ठरले तेव्हा भावंडांनी बेत केला, की घरातले जुने फोटो एकामागून एक टीव्हीवर दाखवायचे आणि त्यामागे आजीच्या ओव्या लावायच्या. तालुक्याच्या गावातल्या एका स्टुडिओवाल्याने डीव्हीडी तयार करून दिली.

कार्यक्रमाच्या दिवशी फोटो छान दिसले, पण आजीचा आवाज भलताच चिरका आणि घाईघाईचा येत होता. आई थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘‘हे माही माय नोहे.’’ पाहुण्यांना वाटले, वयोमानाने ओळख पटत नसेल. स्टुडिओवाल्याचे म्हणणे, कॅसेट जुनी आहे, आवाज असाच येणार. पुण्यात अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा मात्र घड्याळ लावून बसला. साठ मिनिटांची कॅसेट डीव्हीडीवर पंचावन्न मिनिटांत संपत होती. तो म्हणाला, ‘‘मावशी, आवाज बिघडलेला नाही. त्याची मोजणी चुकली आहे.’’

ही मोजणी काय असते? मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले, तेव्हा थोडी मास्तरकी करू द्या. बाजार समितीत सोयाबीनचे पोते आले की व्यापारी सगळे पोते उपसत नाही. मूठभर दाणे काढून पाहतो. संगणकही आवाजाचे असेच नमुने घेतो, फक्त फार भराभर. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांची सीडी १९८२ साली बाजारात आली, तिच्यात दर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. माणसाचा कान फार तर सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो आणि त्याच्या दुपटीहून थोडे जास्त नमुने घेतले की तो आवाज पुन्हा उभा करता येतो, असा हा हिशेब. नेमका ४४,१०० हाच आकडा का, तर सुरुवातीला हे नमुने व्हिडिओच्या फितीवर साठवत असत आणि टीव्हीच्या चित्रातल्या रेषांशी हा आकडा जुळत होता.

पुढे १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये डीव्हीडी आली. तिचा संसार सिनेमाचा. सेकंदाला २४ चित्रे असोत की आपल्याकडच्यासारखी २५, दोन्हींनी नेमका भाग जाईल असा ४८,००० हा आकडा व्यवसायात रूढ होता. तोच व्हिडिओ डीव्हीडीसाठी ठरला. म्हणजे सीडीवरचा आवाज डीव्हीडीच्या घरात न्यायचा तर दर १४७ नमुन्यांच्या जागी १६० नवे नमुने गणिताने काढावे लागतात. चांगली प्रणाली हे काम बिनबोभाट करते. पण एखाद्याने हिशेब न करता फायलीवर नुसती ४८,००० ची पाटी लावली, तर यंत्र तेच नमुने भरभर वाचून टाकते. तासाचा आवाज ५५ मिनिटे साडेसात सेकंदांत उरकतो आणि जवळजवळ नऊ टक्क्यांनी चढतो. आजीचे नेमके तेच झाले होते. पंचाहत्तर वर्षांच्या आईच्या कानांनी जे क्षणात ओळखले, ते आम्हाला घड्याळ लावून कळले.

याच दुखण्याचे एक जुने भावंडही आहे. खेड्यात वीज कधी असे, कधी नसे, म्हणून पुष्कळ घरगुती मुद्रणे सेलवर झाली. सेल उतरत आले की यंत्र मंद फिरे, आणि मंद फिरताना भरलेली फीत नीट वेगाने लावली की आवाज पुन्हा चिरकाच येतो. कारण वेगळे, लक्षण एकच. इथे पाटी बदलून भागत नाही, वेग हळूहळू कमी करून पाहावा लागतो. त्याला यंत्रापेक्षा त्या माणसाचा आवाज आठवणारे कुणीतरी शेजारी बसलेले असेल तर काम लवकर होते.

नमुन्यांच्या मोजणीतली चूक निदान सुधारता तरी येते. दुसरे नुकसान सुधारता येत नाही, ते म्हणजे आकुंचनाचे. सीडीच्या पद्धतीने साठवलेला आवाज मिनिटाला सुमारे दहा एमबी जागा खातो. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यावर मोठे काम केले, त्या एमपीथ्री पद्धतीने तोच आवाज मिनिटाला एका एमबीच्या आसपास बसतो. युक्ती अशी, की वरातीत बँड वाजत असताना शेजारच्याची कुजबूज आपल्याला ऐकू येत नाही; मग ती साठवायची तरी कशाला? मोठ्या आवाजाखाली दबणारे बारीक आवाज ही पद्धत टाकून देते.

या कामाच्या वेळची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकन गायिका सुझान वेगा हिचे ‘टॉम्स डायनर’ हे गाणे ब्रांडेनबर्ग यांनी चाचणीसाठी घेतले. त्यात वाद्य नाही, फक्त एका बाईचा आवाज. बँड-ऑर्केस्ट्राची गाणी ठीक उतरत होती, पण या एकट्या आवाजाची सुरुवातीच्या प्रयोगात पार दशा झाली. कारण उघड आहे. एकट्या आवाजाला आडोसा नसतो. त्यातले काही काढले की लगेच कानाला खटकते. हे वाचले तेव्हा मला जात्यावरची ओवी आठवली. तिलाही ना पेटी ना तबला. एका बाईचा आवाज आणि दगडाची घरघर. आपल्या घरातले बहुतेक मोलाचे आवाज असेच उघडे आहेत. त्यांना आकुंचन सर्वांत जास्त बाधते.

आणि खरी बाधा होते ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला. कॅसेटवरून एमपीथ्री केली, ती व्हॉट्सअॅपवर पाठवली, तिथून कुणी उतरवून डीव्हीडीसाठी डॉल्बी डिजिटलमध्ये बदलली. प्रत्येक मुक्कामाला त्या-त्या पद्धतीने आपापल्या मते नको असलेले काढून टाकले. शेवटी आवाज बुडबुड्यांतून आल्यासारखा होतो. मग कुणी हुशारीने त्याची पुन्हा मोठी फाइल करतो. फाइल मोठी होते, आवाज नाही. ताकाचे पुन्हा दूध होत नाही.

हे शहाणपण आपल्या भागाला नवे नाही. आमच्या कारंजा लाडच्या जैन मंदिरांत जुन्या हस्तलिखितांचे भांडार शतकानुशतके जपले गेले. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ साली प्रसिद्ध केली, त्यात कारंजाच्या पोथ्यांची नोंद झाली आणि अपभ्रंश भाषेतले मोठे वाङ्मय अभ्यासकांच्या नजरेत आले. दहाव्या शतकातला कवी पुष्पदंत याचे ‘जसहरचरिउ’ हे काव्य डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केले आणि ते १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत निघाले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी त्याच मालेत आणखी ग्रंथ संपादित केले.

पोथ्या संपादित करणाऱ्यांची रीत पाहण्यासारखी असते. लेखनिक नकलेवरून नक्कल करीत जातो तसतशा चुका वाढत जातात, म्हणून मुळाच्या जास्तीत जास्त जवळची प्रत शोधायची आणि बाकीच्या तिच्याशी ताडून पाहायच्या. आणि पोथीच्या शेवटी पुष्पिका असते: ही नक्कल कोणी केली, कुठे, कोणत्या शके-संवतात, कोणासाठी. ती चार ओळींची पुष्पिका नसेल तर अभ्यासकाला वर्षानुवर्षे चाचपडावे लागते. आपल्या कॅसेटींना याहून वेगळा नियम लागत नाही. मुळाजवळची प्रत सांभाळायची आणि तिला पुष्पिका जोडायची.

आम्ही त्या वर्षी तेच केले. दिवाळीच्या सुट्टीत भाचा पुन्हा आला आणि आम्ही डीव्हीडीकडे नव्हे, सीडीकडेही नव्हे, थेट मूळ कॅसेटकडे गेलो. ज्यांना हे घरी करायचे असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चालू स्थितीतला कॅसेट प्लेयर मिळवा. त्याचे हेड कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. कॅसेट एकदा पुढे, एकदा मागे पूर्ण फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. सैल पडलेली फीत पेन्सिल घालून आवळायची, हे पन्नाशीच्या पुढच्या कुणालाही शिकवावे लागणार नाही. स्पीकरसमोर मोबाइल धरून आवाज भरू नका. त्यात पंखा, कुकरची शिटी आणि कुत्र्याचे भुंकणेही येते. प्लेयरमधून तार काढून संगणकाच्या लाइन-इनला जोडा. ऑडासिटी नावाची प्रणाली फुकट मिळते, तीत आवाज भरा. पट्टी लाल होईल इतका आवाज चढवू नका. कापले गेलेले टोक परत येत नाही, हळू भरलेला आवाज मात्र मागाहून वाढवता येतो.

डीव्हीडी करायची हे आधीच ठरले असेल तर मुळातच सेकंदाला ४८,००० नमुन्यांनी भरा, म्हणजे मधला हिशेबच नको. ही फाइल न आकसता ‘वेव्ह’ म्हणून ठेवा. जागा वाचवायचीच असेल तर ‘फ्लॅक’ नावाची पद्धत आहे. ती काहीही न टाकता घडी घालते, उलगडल्यावर आवाज जसाच्या तसा मिळतो. ही झाली मूळ प्रत. खरखर काढायची, आवाज उजळायचा, ते सगळे तिच्या नकलेवर. अतिउत्साहाने खरखर पुसली की तिच्याबरोबर ‘स’ आणि ‘श’ही पुसले जातात.

डीव्हीडीचा नियम असा, की आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या व्हिडिओ डीव्हीडीवर आवाज मुख्यतः तीन रूपांत चालतो: न आकसलेला पीसीएम, डॉल्बी डिजिटल, आणि एमपेग. एमपीथ्री त्यात बसत नाही. काही प्लेयर एमपीथ्रीची तबकडी वाजवतात ती निराळी सोय. लांबलचक लग्नाचे चित्रण असेल तर जागेसाठी डॉल्बी घ्यावे. पण नुसते फोटो आणि मागे आवाज असेल तर पीसीएमच बरे. त्याच्या एका तासाला सुमारे ६९ कोटी बाइट लागतात आणि साध्या तबकडीवर ४७० कोटी मावतात. फोटोंना जागा सोडूनही दोन-तीन तास आरामात बसतात. परदेशातल्या नातलगांना पाठवायची असेल तर तिकडची टीव्हीची पद्धत कोणती ते आधी विचारा. अमेरिकेतल्या पुष्कळ टीव्हींवर आपली पाल तबकडी चालत नाही.

आमची नवी डीव्हीडी लावली तेव्हा आई काही बोलली नाही. शेवटच्या ओव्यांमध्ये आजीच्या मागून आणखी एक बाई सूर धरते. इतकी वर्षे आम्ही तिला आजीचाच पडसाद समजत होतो. आईने मान वळवून विचारले, ‘‘हे शेवंताआत्या व्हय. हिचा फोटो कुठी हाय?’’ आजोबांची बालविधवा बहीण. घरात जन्मभर राबलेली, कुणी कधी फोटो काढला नाही. तिची म्हणून जगात उरलेली एवढीच एक खूण, ती त्या फितीवर चोवीस वर्षे होती आणि आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हते. भाच्याने तिथल्या तिथे कागदावर नाव लिहून घेतले. २०१२ साली आई गेली. ते नाव त्या दिवशी लिहिले नसते तर आज सांगणारे कुणी नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच काम ज्यांनी केले त्यांनीही नावांना तेवढेच जपले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८० च्या दशकापासून पुण्यातून काम करीत महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संग्रह एक लाखाच्या पुढे गेला. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या अनेक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. पुढे पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांसमोर आणल्या. तिथे ओवी ऐकताना गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. त्यामुळे ती नुसती ‘एक लोकगीत’ राहत नाही, अमक्या गावच्या अमक्या बाईचे बोलणे होते.

आता तर डीव्हीडीचेही दिवस भरत आले. नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पा नसतो, नव्या टीव्हीशेजारी प्लेयर क्वचितच दिसतो. घरी लिहिलेल्या तबकडीत रंगाचा थर असतो; ऊन आणि उष्णता त्याला मानवत नाही, तिच्यावर कागद चिकटवणेही धोक्याचे. म्हणजे हे बिऱ्हाड पुन्हा हलणार. हार्ड डिस्कवर, पेन ड्राइव्हवर, आणखी दहा-पंधरा वर्षांनी आज ठाऊक नसलेल्या कशावर. त्याची भीती नको. मूळ प्रत न आकसलेली असेल, दोन ठिकाणी ठेवली असेल, एक आपल्याकडे आणि एक दुसऱ्या गावच्या भावाकडे, तर पुढची पिढी ती कुठेही नेईल. रूपांतर करणारा तरुण प्रत्येक घरात सापडतो आणि न सापडला तर पैसे देऊन मिळतो.

न मिळणारी गोष्ट एकच. ‘हा आवाज कोणाचा?’ याचे उत्तर. ते ज्यांच्याजवळ आहे ती माणसे आज सत्तर-ऐंशीची आहेत. म्हणून क्रम थोडा बदला. यंत्राची आणि तारांची जमवाजमव होईल तेव्हा होईल. आधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाशेजारी बसा, प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्या, आणि कोण बोलते, कोण गाते, कुठे भरली, कोणत्या साली, हे वहीत लिहून काढा. एवढ्याला वीजसुद्धा लागत नाही.